147 विमानांसाठी साचा कोण कोरणार?

मिग-21 चं मॉडेल करायचं ठरवलं, तर अडचण एवढीच की कुठलं घ्यावं. 1/72, 1/48, 1/32 अशा सगळ्या रुळलेल्या मापांत ते मिळतं. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्डने 2011 मध्ये 1/48 मापात काढलेला मिग-21एमएफ जाणकार आजही वाखाणतात, आणि चीनच्या ट्रम्पेटरने 1/32 मध्ये त्याच्या एकाहून अधिक आवृत्त्या काढल्या आहेत. यात नवल काहीच नाही. जगभरात 11 हजारांहून अधिक मिग-21 तयार झाली, त्यातली सहाशेवर आपल्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नाशिक कारखान्यात. इतक्या देशांनी उडवलेल्या विमानाला त्या त्या देशात गिऱ्हाईकही आयतंच असतं.

आता एचएफ-24 मरुत हे आपलं लढाऊ जेट घ्या. फोक-वुल्फ 190 या जर्मन लढाऊ विमानाचा कर्ता कुर्ट टांक 1956 मध्ये भारतात आला, बंगळुरूला भारतीय अभियंत्यांना बरोबर घेऊन त्याने हे विमान आखलं, आणि 17 जून 1961 रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेलं. 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मरुत लढलं. सगळी मिळून बनली 147. तामिया, हासेगावा, एअरफिक्स, रेव्हेल, ट्रम्पेटर या बड्या नावांपैकी एकाच्याही यादीत मरुत नाही.

कारण सरळ आर्थिक आहे. दुकानातलं प्लास्टिक किट म्हणजे पॉलिस्टायरिन वितळवून पोलादी साच्यात प्रचंड दाबाने भरलेलं असतं. साचा एकदा कोरला की तो हजारो, कधी लाखो नग काढतो. पण तो कोरण्याचाच खर्च इतका, की हजारोंनी विक्री झाल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत. 147 विमानांच्या आठवणीवर हा जुगार कुणी खेळत नाही. मग ज्याला मरुत हवंच आहे, किंवा पन्नासच्या दशकातलं एखादं अल्पायुषी अमेरिकन नौदलाचं जेट हवं आहे, तो रेझिनकडे वळतो. मोठ्या मापातली रेझिन विमानं ही पोलादाने नाकारलेल्यांची जत्रा आहे, आणि तिचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून निघतात. कारखानदाराने जे काम पोलादावर खर्च केलं असतं, ते इथे गिऱ्हाइकाच्या टेबलावर येऊन पडतं.

मापांच्या आकड्यांनी नवखे गोंधळतात. 72, 48, 32, 24 हे आकडे फूट-इंचांतून आले आहेत. फुटाला पाव इंच धरला की 1/48, तीन अष्टमांश इंच धरला की 1/32, अर्धा इंच धरला की 1/24; आणि सहा फुटांना एक इंच, म्हणजे साधारण एका माणसाला एक इंच, धरला की 1/72. मरुतची लांबी 15.87 मीटर आणि पंखांचा विस्तार 9 मीटर. 1/72 मध्ये ते 22 सेंटिमीटरचं होतं, तळहातावर मावेल एवढं. 1/32 मध्ये जवळपास 50 सेंटिमीटर लांब आणि 28 रुंद. 1/24 मध्ये 66 सेंटिमीटर, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या कपाटातून बाहेर डोकावणारं. एअरफिक्सने 1974 मध्ये 1/24 चा हॅरियर काढला होता, तरी जेट विमानांसाठी 'मोठं माप' म्हणून स्थिरावलं ते 1/32 च. घरांचा आकार आणि कपाटांची खोली पाहता ते शहाणपणाचंच झालं.

मोठं माप म्हणजे फक्त जास्त जागा, असं वाटतं. प्रत्यक्षात सगळं गणितच बदलतं. 1/72 वरून 1/32 वर आलात की लांबी सव्वादोन पट होते, रंगवायचा पृष्ठभाग पाच पट होतो, आणि घनफळ, म्हणजेच भरीव तुकड्याचं वजन, अकरा पटींहून थोडं जास्त. छोट्या मापात एखादं भरीव धड समजा 50 ग्रॅम भरलं, तर तेच मोठ्या मापात 570 च्या आसपास जाईल. चाकांच्या पायांच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र फक्त पाच पटींनी वाढलेलं असतं. म्हणजे पायावर येणारा ताण सव्वादोन पट. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडं जाड का लागतात हे सांगितलं, तोच हा हिशेब. पॉलिस्टायरिनच्या किटला तो फारसा जाचत नाही, कारण त्याचे तुकडे पातळ कवचासारखे पोकळ असतात. रेझिनचे तुकडे बरेचदा भरीव किंवा जाड भिंतींचे असतात, आणि तिथून पुढची सारी भानगड सुरू होते.

ओतकाम पाहिलं म्हणजे ही जाडी कुठून येते ते कळतं. आधी मूळ नमुना, ज्याला सगळे मास्टर म्हणतात, तो लाकूड, प्लास्टिकचे पत्रे आणि पुट्टी यांतून हाताने घडवायचा, किंवा हल्ली संगणकावर काढून छापून घ्यायचा. तो अर्धा क्लेमध्ये बसवून वर सिलिकॉन रबर ओतायचं, ते घट्ट झाल्यावर उलटं करून क्ले काढायची, पहिल्या अर्ध्याला व्हॅसलीन किंवा तत्सम काही चोपडून दुसरा अर्धा ओतायचा. कोल्हापूरच्या फौंड्रीत पॅटर्न, रनर, रायझर या शब्दांत वाढलेल्याला यात नवं काही नाही. फक्त वाळूच्या जागी रबर आणि बिडाच्या जागी पॉलियुरेथेन. एक अडचण मात्र फौंड्रीत भेटत नाही: प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधक असलेल्या क्लेला लागलं, की तिथे ते कायमचं चिकटच राहतं. एवढ्यावरून साचे वाया जातात.

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ओटो बायरने 1937 मध्ये लावला. ओतकामाचं रेझिन दोन बाटल्यांत येतं: एकीत पॉलिऑल, दुसरीत आयसोसायनेट. सम प्रमाणात घेऊन कपात ढवळायचे आणि लगेच ओतायचे. लगेच म्हणजे खरोखर लगेच. झटपट जातीच्या रेझिनला दोन-तीन मिनिटांच्या पुढे धीर नसतो. आधी कप हाताला कोमट लागतो, मग गरम, आणि पाण्यासारखं पारदर्शक मिश्रण पाहता पाहता एका कडेने दुधाळ व्हायला लागतं. हा पांढरेपणा पसरू लागला की ओतणं थांबवायचं, कारण आता ते साच्याच्या टोकापर्यंत पोचणार नाही. ओतून झालेला साचा चांगले कारागीर दाबपात्रात ठेवतात. चारेक बार दाबाखाली बुडबुडे इतके आक्रसतात की डोळ्यांना दिसत नाहीत. हे न करणाऱ्यांच्या किटमध्ये पंखाच्या मागच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, आणि ती नेमकी प्रायमर मारल्यावर दिसतात.

कोकणात किंवा मुंबईत हे काम जुलैत करू नये. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन पावासारखं फुगतं. हवेतला ओलावाही त्याला पुरतो. उघडी राहिलेली बाटली आठवड्याभरात नासते. पावसाळ्यात मास्टर घडवावा, रेघा कोराव्यात, ओतकामाला दिवाळीनंतर हात घालावा. लॅकर रंगांचंही तसंच; दमट हवेत त्यांच्यावर पांढरी झाक येते.

एका रबरी साच्यातून काही डझन नग निघतात, मग रबर फाटू लागतं. म्हणून रेझिन किटचा कारखाना म्हणजे बहुतेक वेळा एक-दोन माणसं, आणि किंमत काहीशे डॉलर. भारतात मागवलं तर टपाल आणि सीमाशुल्क वेगळं. जपानमध्ये 1980 च्या दशकात अशा घरगुती ओतकामातून आलेल्या पुतळ्यांना 'गॅरेज किट' म्हणू लागले. विमानांचं जग त्याच वाटेने गेलं. अमेरिकेतल्या फिशर मॉडेल अँड पॅटर्नने 1/32 मध्ये ग्रुमनचे पँथर आणि कूगर काढले आणि रेझिनही पोलादाइतकं नेटकं जुळू शकतं हे दाखवून दिलं. चेक प्रजासत्ताकात एआयरेस, सीएमके, एडुआर्ड यांनी वेगळा मार्ग धरला: अख्खं विमान न ओतता दुसऱ्यांच्या किटला बसतील अशी कॉकपिटं, आसनं, चाकं, धुराडी ओतायची. धंदा म्हणून हेच शहाणपणाचं ठरलं, कारण अख्ख्या विमानावर एक तलवार नेहमी टांगलेली असते. बड्या कंपनीने तेच विमान प्लास्टिकमध्ये काढलं की छोट्या माणसाचा माल रातोरात जुना होतो. ब्रिटिश लाइटनिंगचं उदाहरण बोलकं आहे. 1/32 मध्ये ते हवं असणारे बरीच वर्षं एशेलॉनच्या, प्लास्टिकचा पत्रा निर्वाताने साच्यावर ओढून बनवलेल्या किटवर घाम गाळत होते. पुढे ट्रम्पेटरने ते साध्या किटात आणलं. आकाराबद्दल तक्रारी झाल्या, पण गिऱ्हाईक तिकडेच गेलं.

नकलांचा प्रश्नही आहेच. विकत घेतलेल्या किटचेच साचे काढून स्वस्तात विकणारे सगळ्या देशांत आहेत. मूळ नमुन्यापेक्षा ओतीव तुकडा किंचित आक्रसतो, त्या तुकड्यावरून पुन्हा ओतलेला आणखी आक्रसतो. म्हणून नकली कॉकपिट धडात सैल बसतं आणि नकली धडात अस्सल कॉकपिट जातच नाही. पकडायचा सोपा उपाय म्हणजे व्हर्नियर.

किट घरी आल्यावर पहिलं काम धुण्याचं. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल तुकड्यावर राहतं आणि रंग धरू देत नाही; कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. दुसरं काम ठोकळे कापण्याचं, आणि इथे अर्धी मॉडेलं बिघडतात. जिथून रेझिन ओतलं तिथे तुकड्याला एक जाड ठोकळा चिकटलेला असतो. बारीक दातांची करवत घेऊन त्याच्या आणि तुकड्याच्या सांध्यावरच घाव घालायचा मोह होतो. पातं मधेच तिरकं जातं आणि पंखाच्या मुळातून अर्धा मिलिमीटर खाऊन टाकतं. सांध्याच्या रेघेपासून एक मिलिमीटर लांब, ठोकळ्याच्या बाजूने कापावं. मग जाड काचेवर 220 चा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून, वर थोडं पाणी शिंपडून, तुकडा इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवावा. सारख्या दिशेने घासलं की एक कड जास्त झिजते. दर थोड्या वेळाने तुकडा उचलून धडाला लावून पाहायचा. पांढरा चिखल काचेवर साचतो, तो ओल्या फडक्याने पुसायचा. वाळू द्यायचा नाही.

वाळू द्यायचा नाही, कारण ती धूळ फुप्फुसात जाण्याइतकी बारीक असते. ओलं घासणं आणि एन-95 मास्क, एवढं तरी हवंच. आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला भोपाळ आठवतं. ओतकामातलं आयसोसायनेट बहुधा एमडीआय असतं, ते सहजासहजी उडत नाही, भोपाळचा विषारी वायू आणि हे द्रव्य यांत मोठं अंतर आहे. तरी आयसोसायनेट हे कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याचं एक मुख्य कारण आहे, आणि एकदा वावडं झालं की पुढे थोडासा संपर्कही पुरतो. हातमोजे आणि उघडी खिडकी यांवर वाद घालू नये.

आता वजनाकडे परत. वाकलेला पंख गरम पाण्यात धरला की मऊ पडतो, सपाट काचेवर दाबून गार पाण्यात घातला की सरळ होतो. पण जे गरम पाण्याने झालं ते विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत उलटंही होऊ शकतं. पंख मागे झुकलेला असेल, आणि मरुतचे तसेच आहेत, तर त्याचं वजन मुळावर नुसतं खाली ओढत नाही, पिळतंही. त्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: धडातून आरपार जाणाऱ्या दोन पितळी सळया. तीनेक मिलिमीटरच्या, पंखात जितक्या खोल जातील तितक्या. भोकं हाताने पाडायची तर आधी बारीक ड्रिल, मग पायरीपायरीने मोठं, आणि प्रत्येक पायरीला गुण्या लावून बघायचं. चिकटवायला फेव्हिक्विक जातीचा गोंद नको. तो ताण झेलतो, धक्का झेलत नाही. सावकाश वाळणारं अ‍ॅराल्डाइट घ्यावं, म्हणजे मान मोडेपर्यंत जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. प्लास्टिक किटचा नेहमीचा सिमेंट गोंद इथे निरुपयोगी आहे. तो पॉलिस्टायरिन विरघळवून सांधतो, आणि पॉलियुरेथेन त्याला दाद देत नाही.

पायांचंही तेच. किटमधले पाय बरेचदा पांढऱ्या धातूचे, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचे असतात. पहिल्या दिवशी विमान दिमाखात उभं राहतं; वर्षभराने पाय फाकलेले दिसतात. ओतीव पितळी पाय मिळाले तर घ्यावेत, नाहीतर आतून स्प्रिंगची तार घालावी. मरुतसारख्या दोन इंजिनं शेपटीकडे असलेल्या विमानात आणखी एक फास आहे. मागचं धड भरीव राहिलं तर मॉडेल शेपटीवर बसतं. ते टाळायला नाकात शिसं भरलं, तर पुढच्या एकट्या पायावर बोजा येतो. म्हणून आधी मागचं धड आतून कोरून हलकं करावं, मग लागेल तेवढंच शिसं. आणि ते पांढऱ्या गोंदात कधीच बसवू नये. त्या गोंदातून सुटणाऱ्या आम्लाने शिशावर पांढरी भुकटी चढते, ती फुगत जाते, आणि काही वर्षांनी नाक शिवणीवर उकलतं. जहाजांची जुनी मॉडेलं जपणाऱ्या संग्रहालयांना ही व्याधी चांगली ठाऊक आहे.

तपशिलाबद्दल माझं मत थोडं अप्रिय आहे: बहुतेक मोठी मॉडेलं जास्त कोरलेली असतात. 1/32 मध्ये कोरलेली 0.2 मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर सहा मिलिमीटरहून मोठी फट. नव्या जेटच्या पत्र्यांत एवढी फट दिसली तर तपासनीस ते विमान सोडणार नाही. पण खोल रेघा फोटोत उठून दिसतात, काळ्या रंगाने धुतल्या की बक्षिसं मिळवतात, म्हणून सगळे कोरतात. त्यापेक्षा हवेच्या तोंडांवर वेळ घालवावा. मरुतच्या दोन्ही बाजूंना अर्धशंकू बसवलेली तोंडं आहेत, आत बोगदा इंजिनाकडे वळत जातो. तिथली आतली शिवण पुट्टीने भरायला बोट जात नाही, पॉलिश पेपर जात नाही. पातळ केलेला पांढरा रंग आत ओतून, तुकडा फिरवून, जादा बाहेर सांडून देणं, असं चार-पाच वेळा केलं की शिवण बुजते. हा युक्तीचा भाग आहे, आणि जेट मॉडेल जिवंत दिसतं ते अशा ठिकाणी.

गेल्या दशकात या सगळ्यावर त्रिमितीय छपाई येऊन आदळली. चक हल यांना प्रकाशाने रेझिन घट्ट करण्याच्या पद्धतीचं पेटंट 1986 मध्ये मिळालं, पण घरातल्या टेबलावर बसेल आणि खिशाला परवडेल असं एलसीडी पडद्याचं यंत्र यायला 2018 च्या आसपासचा काळ उजाडला. थर 0.05 मिलिमीटरचा, 1/32 मध्ये त्याचे खऱ्या विमानावर 1.6 मिलिमीटर होतात. आसनाचे पट्टे, बटणं, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या यांबाबतीत ओतकाम हरलं आहे, त्यावर चर्चाच नको. साच्यातून निघू शकणार नाहीत असे आकार छपाईत सहज निघतात. अख्ख्या धडाबद्दल मी तितका खात्रीने बोलणार नाही. मरुतच्या कमरेला निमुळतं होत जाणारं जे हळुवार वळण आहे, तिथे छपाईचे थर पायऱ्यांसारखे दिसतात आणि ते घासताना कोरलेल्या रेघाही जातात. पोकळ छापलेल्या धडाच्या पोटात न धुतलेलं कच्चं रेझिन राहिलं, तर महिन्यांनी ते झिरपतं, कवच तडकतं आणि वरचा रंग उचलला जातो. छापलेलं रेझिन ऊन लागेल तसं ठिसूळही होत जातं. म्हणून अनेक जण सुवर्णमध्य काढतात: मास्टर छापायचा, घासून आरशासारखा करायचा, आणि मग त्यावरून जुन्याच पद्धतीने रबरी साचा.

याचा फायदा आपल्याकडे जास्त आहे. 1/32 च्या मरुतसाठी आता अमेरिकेतल्या कुणा गॅरेजवाल्याची मर्जी लागत नाही. मोजमाप मात्र लागतं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत उभं आहे, बंगळुरूला एचएएलच्या संग्रहालयात आहे, जर्मनीत म्युनिकजवळ श्लाइसहाइमलाही एक आहे. छापील आराखडे एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा नाकाचा घेर प्रत्यक्षातच पाहावा लागतो. उघड्यावर राहिलेल्या विमानांच्या रंगावर मात्र विसंबू नये. त्यांच्यावर वेळोवेळी हाती लागेल तो रंग चढलेला असतो, झाकणं हरवलेली असतात, चाकांच्या खोबणी बुजवलेल्या असतात. रंगासाठी सेवेतल्या काळातली छायाचित्रं, आकारासाठी खरं विमान. टांकच्या चमूनेही आधी आकारच तपासला होता: जेट इंजिनाचं मरुत उडण्याआधी 1959 मध्ये त्याच आकाराचं, पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर डकोटा विमानाच्या मागे बांधून उडवलं होतं.

ज्याला याच वर्षी सुरुवात करायची आहे त्याने थेट अख्ख्या रेझिन विमानाला हात घालू नये. ट्रम्पेटरचं 1/32 मिग-21 घ्यावं, त्यात रेझिनचं कॉकपिट बसवावं, धडाची आतली भिंत कुठवर खरवडावी लागते ते पाहावं. त्यात पुट्टी, ड्रिल आणि संयम या तिन्हींची परीक्षा होते, आणि बिघडलंच तर दुसरं किट मिळतं. मरुतचं तसं नाही.

आणि मरुतला हात घालणाऱ्याने कॅनॉपीचा, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाचा, विचार सगळ्यात आधी करावा. पारदर्शक रेझिन ओतता येतं, छापताही येतं, पण त्यातलं बरंचसं काही वर्षांत पिवळं पडतं, आणि जाड भिंतीतून वैमानिकाचं आसन वाकडं दिसतं. चांगली कॅनॉपी अजूनही जुन्या रीतीने निघते: लाकडाचा किंवा रेझिनचा ठोकळा घासून चकचकीत करायचा, पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा लोंबेपर्यंत तापवायचा, आणि खालून व्हॅक्यूम क्लीनर लावून तो ठोकळ्यावर ओढायचा. अशा काढलेल्या कॅनॉप्यांतल्या निम्म्या सुरकुततात किंवा धूळ धरतात, म्हणून पत्रा घेताना दहा-बारा कॅनॉप्या निघतील एवढा घ्यावा.